सहा आठवड्यांनंतरचं माप

नाही हो काकू, पहिला नाही आणि सहावाही नाही. कुठलाच महिना नाहीये. ओशाळू नका, तुम्ही काय पहिल्या नाही विचारणाऱ्या — बसमध्ये तर लोक उठून जागा देतात मला, आणि मी घेते. का नाही घ्यायची? सकाळी आठच्या बसमध्ये तत्त्वासाठी उभं राहायचं म्हणजे कुणाचं तरी कोपर पोटात खायचं, आणि कोपर मला परवडत नाही. एकदा एका बाईंनी हात लावून बघितलं आणि सांगितलं, डावीकडे भार आहे, मुलगीच होणार. मी म्हटलं, हो ना, आणि स्वभावानं शांत आहे, लाथ म्हणून मारत नाही. दोन स्टॉप मला सल्ले देत होत्या बिचाऱ्या. — तुम्ही लावा टेप. फक्त इथे, डाव्या बरगडीच्या खाली, जोरात आवळू नका. दुखेल म्हणून नाही, म्हणजे दुखतंच, पण ते जाऊ दे — तिथे माझी प्लीहा आहे. प्लीहा. आमचे आजोबा पानथरी म्हणायचे. तुम्हालाही आहे, सगळ्यांना असते, मुठीएवढी, बरगड्यांच्या आत गुपचूप बसलेली; जन्मात ओळख होत नाही तिची कुणाला. माझी जरा माणसांत मिसळणारी निघाली. बरगड्या ओलांडून बाहेर आली आणि आता बेंबीशी गप्पा मारते. मी तिला पोटभाडेकरू म्हणते. एका खोलीत राहायला आली आणि हळूहळू दिवाणखाना, स्वयंपाकघर, गॅलरी — जेवताना चौथ्या घासाला पोट भरतं माझं, कारण पोटाला पसरायला जागाच ठेवलेली नाही बाईनं.

किती आलं? चौतीस? असं काय, वर बोट का धरलंत — अच्छा, पहिला इंच फाटलाय टेपचा. म्हणजे तेहतीस. बघा, तुमच्या टेपनं मला एका इंचाची सूट दिली, आमच्या घरात कुणी अर्धा देत नाही. पण लिहू नका हो! आधी ऐका तरी. हे माप नकोय मला. मला सहा आठवड्यांनंतरचं माप हवंय. — हसू नका, तोंडात टाचण्या आहेत तुमच्या, गिळाल. मी सरळ सांगते. पंधरा दिवसांनी ही बाई जागा खाली करणार. ऑपरेशन आहे, तारीख मिळालीय, लसी टोचून झाल्यात — मागच्या आठवड्यात दोन्ही दंडांत, तीन दिवस केस विंचरता येईनात. मग पंधरा दिवस घरी, मग ऑफिस, आणि बरोबर सहाव्या आठवड्यात मला एक पॅन्ट लागणार आहे. कापड हे. राखाडी. पट्टा कमरेवर घट्ट बसणारा, पुढे चुण्या नाहीत, मागे इलॅस्टिक नाही, नाडी तर अजिबात नाही. आणि हा पांढरा शर्ट, बटणांचा. तो मी आत खोचणार. बस. एवढंच. सव्वीस वर्षांची आहे मी, काकू, आणि आयुष्यात एकदाही शर्ट आत खोचलेला नाही. शाळेतसुद्धा मला बाहेर ठेवायची परवानगी होती, मुख्याध्यापकांच्या सहीची. अठ्ठावीस कंबर धरा. नाही, सत्तावीस. आणि ते पेन्सिलनं काय लिहिताय, पेनानं लिहा की. पक्कं आहे.

असं कसं शिवू म्हणून बघू नका माझ्याकडे. मला कळतं की नसलेल्या कमरेचं माप घेता येत नाही. अंदाज करा. तुम्ही एवढी माणसं मापलीयत, डावीकडचा डोंगर वजा करून अंदाज येत नाही? आमच्या नेहमीच्या टेलरकाकूंना लगेच आला असता, पण त्यांच्याकडे जाणार नाही मी. त्या आईच्या. मी सात वर्षांची असल्यापासून आई त्यांना सांगत आलीय, 'सैल ठेवा, अंगातली आहे ती.' अंगातली! चौतीस किलोची होते मी कॉलेजात जाताना. हात काड्या, मान काडी, आणि मधे हे. आईचं म्हणणं, ढगळ घातलं की कुणाला कळत नाही. कळत नाही कसं? ढगळ कपड्यातली बारीक मुलगी म्हणजे काहीतरी लपवतेय हे आंधळ्यालाही कळतं. पण आमच्या घरात न बोलणं हेच औषध. आजोबांपासून चालत आलंय. आईबाबांचं लग्न ठरलं तेव्हा एका ओळखीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, दोघांचं रक्त तपासून घ्या, एक सुईचं काम आहे. आजोबा म्हणाले, 'आपल्या घराण्यात असलं काही नाही.' होतं. दोघांच्याही घराण्यात होतं. अर्धं आईकडे, अर्धं बाबांकडे, त्यांना दोघांना काडीचा त्रास नाही — आणि मी आले ती दोन्ही अर्धी एकत्र घेऊन. थॅलेसेमिया. रक्त तयार होतं पण धड होत नाही, पेशी वाकड्यातिकड्या, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं भरून घ्यायचं. जन्मभर. आठव्या महिन्यापासून घेतेय. आजोबा शेवटपर्यंत म्हणत होते की मला दात येत होते म्हणून मी पांढरी पडले.

हात खाली घेऊ? बरं. — वाजू दे तो फोन. काही नाही, डेकेअरच्या सिस्टर असतील. रक्त चढवतात ना, त्या वॉर्डातल्या. नंतर करेन.

तर ही प्लीहा का वाढते, ते सांगते. नाही विचारलंत तुम्ही, पण सगळ्यांना विचारायचं असतं. प्लीहेचं काम असतं वाईट पेशी निवडून बाजूला काढायचं. धान्य निवडतात तसं. आता माझ्या सगळ्याच खराब. म्हणजे सगळं पोतं तिनं एकटीनं निवडायचं. मग काम वाढलं की अंग वाढतं, अंग वाढलं की भूक वाढते, मग ती बाहेरून भरलेलं चांगलं रक्तसुद्धा खायला लागते. तिला शांत ठेवायचा उपाय एकच, काकू — रक्त वेळेवर भरायचं. बाहेरचं रक्त भरपूर असलं की शरीर आपलं वाकडं रक्त बनवत बसत नाही, आणि बाईसाहेबांना कामच उरत नाही. एवढं सोपं. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. आणि आमच्या बाबांनी काय केलं माहितीये? ताणलं. मी पाच-सहा वर्षांची असताना. तीनाचे चार केले, चाराचे पाच. का? तर पोरीला कमी टोचणं. हातावर शीर सापडायची नाही, मी किंचाळायची, बाबा बाहेर जिन्यात जाऊन उभे राहायचे. मग एकदा पाच आठवडे काढले आणि मी उभी होते, चालत होते, तर त्यांना वाटलं सुधारतेय. घरी येऊन सांगितलं, 'पाच आठवडे काढले पोरीनं!' जसा काही मी उपास केला. आत्यानं तर शेजारी सांगितलं की बरं होतंय, हळूहळू सुटेल रक्त. सुटेल! रक्त म्हणजे काय अंगठा चोखायची सवय आहे? मी हे सगळं मोठेपणी डॉक्टरांकडून समजून घेतलं आणि मग घरात असं काही बोलले — असं बोलले काकू — की बाबा दोन दिवस माझ्यासमोर जेवले नाहीत. आणि एकदा बोलून थांबले का? छे. प्रत्येक वेळी. पोट दुखलं, ऐकवलं. जिना चढताना धाप लागली, ऐकवलं. तुमच्या मायेपायी माझं पोट फुगलं. सुंदर वाक्य होतं ना? मी तयारच केलं होतं.

तुम्हाला गंमत सांगते. डेकेअरमध्ये आमचे मोठे डॉक्टर आहेत, ते प्लीहा बोटांनी मोजतात. झोपवायचं, गुडघे वाकवायचे, पोटावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, 'खोल श्वास घे.' आपण श्वास घेतला की प्लीहा खाली सरकते आणि त्यांच्या बोटांना टेकते. मग बरगडीच्या खाली किती बोटं आली ते लिहायचं. दोन बोटं, तीन बोटं. आम्ही वॉर्डातली सगळी पोरं एकमेकांना विचारायचो, तुझी किती? शाळेत मार्क विचारतात तसं. एकाची पाच होती, त्याला आम्ही पंजा म्हणायचो. तर डॉक्टर दोन बोटं म्हणाले की शाबासकी, गोळी, सगळे खूश. चार म्हणाले की बाबांना आत बोलावणं, दार बंद, आणि बाहेर बाकड्यावर आई पदराच्या आत रडतेय. मग मी काय केलं? आठ वर्षांची असताना शोध लावला मी. खोल श्वास घे म्हटलं की छाती फुगवायची, खांदे वर, तोंडानं मोठा आवाज — आणि पोट हलू द्यायचं नाही. प्लीहा जागेवरून हलत नाही. चाराची तीन होतात, कधी अडीच. माझा शोध होता तो! सगळ्या वॉर्डाला शिकवला मी. पंजाला सोडून; तो म्हणायचा, मला डॉक्टरांनी मोजलेलं आवडतं. त्याची, गंमत म्हणजे, पाचावरून दोनावर आली. ऑपरेशन नाही, काही नाही — त्याची आजी बोट धरून दर एकविसाव्या दिवशी आणून बसवायची त्याला, ऊन असो, परीक्षा असो. दीड वर्षात खाली आली. तसं होतं कधीकधी. कधीकधी, असं डॉक्टर म्हणतात. सगळ्यांचं नाही होत.

नाही, तो आहे अजून. मजेत आहे. शर्ट आत खोचतो.

खडू जरा हलका लावा, गुदगुल्या होतात. — माझं काम? लिफ्टच्या कंपनीत. विकत नाही, बनवत नाही, दुरुस्त करत नाही. लिफ्टमध्ये माणूस अडकलं की आतलं लाल बटण दाबतं ना, तो फोन माझ्याकडे येतो. मी तो आवाज. 'घाबरू नका, लिफ्टमध्ये हवा भरपूर आहे, मेकॅनिक निघालाय, आता माझ्याबरोबर एक खोल श्वास घ्या.' दिवसातून दहा-बारा माणसांना खोल श्वास घ्यायला लावते मी. हसा, हसा. मेकॅनिक निघालेला नसतो बऱ्याचदा, पण श्वास घेतला की माणूस गप्प होतं. मी चांगली आहे त्यात. एकदा एक गृहस्थ एक तास दहा मिनिटं अडकले होते, त्यांना मी पाढे म्हणायला लावले. सतराच्या पाढ्याला बाहेर आले. आमच्या मॅडम म्हणाल्या, हिच्यासारखा आवाज दुसरा नाही. म्हणून आता सहा आठवड्यांनी मी नवीन मुलींना शिकवणार आहे. बारा मुली, एक खोली, पुढे फळा आणि फळ्यापुढे मी. फोनवर पोट दिसत नाही ना, म्हणून ती नोकरी बरी होती. फळ्यापुढे दिसतं. म्हणून पॅन्ट. कळलं आता?

त्या मॅडमना माहीत नाही. कुणालाच नाही ऑफिसात. सांगू कसं — पहिलं वर्ष परीक्षेचं होतं. बारा महिने बघणार, मग कायम करणार की नाही ते ठरवणार. आणि मला दर तीन आठवड्यांनी एक अख्खा दिवस हवा. पिशवी चढायला चार तास, दोन असल्या तर सात. महिना-दीड महिन्यातून एक सुट्टी मागितली तर माणूस आजारी पडलं होतं. दर एकवीस दिवसांनी न चुकता मागितली तर माणूस आजारी आहे. फरक आहे ना? मग काढून टाकतात. म्हणजे काढतील असं नाही — विचारलं नाही मी. आमच्या घरात न विचारण्याची पद्धत आहे, सांगितलं ना.

पुन्हा वाजला. चिकाटी बघा बाईची. वाजू दे हो, काही मरत नाही कुणी.

मरतात म्हणा. आमच्यात एक होती, आम्ही तिला बातमीदार म्हणायचो, सगळ्या वॉर्डाच्या खबरा तिच्याकडे. तिची काढली होती प्लीहा, बाराव्या वर्षी. मस्त चाललं होतं. रक्त कमी लागायला लागलं, पोट सपाट, फ्रॉकला पट्टा लावून यायची आणि मुद्दाम आमच्या बेडजवळून चालायची. तीन वर्षांनी ताप आला. साधा ताप. प्लीहा गेली की ताप साधा राहत नाही, काकू — ती नुसती खात नाही ना, राखणही करते. काही जंतू तिलाच पकडता येतात. म्हणून आधी लसी, म्हणून नंतर रोज गोळी, आणि ताप आला की कपडे न बदलता रुग्णालयात. हे तिच्या घरी माहीत होतं. लिहून दिलं होतं, भिंतीवर चिकटवलं होतं. पण घरातली मोठी माणसं म्हणाली, उद्या सकाळपर्यंत वाट बघू, गोळी दिलीय, घाम आलाय. सकाळपर्यंत... असो. मोठ्या माणसांना घामावर फार विश्वास. तुम्ही टाचणी लावा, मी हलत नाहीये.

डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं मला. फार विचार करून ठरवलं त्यांनी, ते काही कापाकापीवाले नाहीत. मागच्या महिन्यापर्यंत ते बोटांनीच मोजत होते, तीन बोटं, फार तर साडेतीन. मग रक्त फारच खाली दिसलं म्हणून सोनोग्राफीला पाठवलं. ते यंत्र श्वासाला भुलत नाही. एकोणीस सेंटिमीटर. डॉक्टर कागद बघत राहिले. म्हणाले, 'एका महिन्यात एवढी?' मग माझी वही उघडली. रक्त घेतल्याची वही असते आमची — तारीख, किती, पिशवीचा नंबर. बघितलं तर दर तीन आठवड्यांनी बरोबर रक्त. वर्षभर. एकही खाडा नाही. आणि तरी हिमोग्लोबिन साडेसहा. जिथे नऊ-दहाच्या खाली जायला नको, तिथे साडेसहा. मग ते म्हणाले, 'एवढं देऊनही टिकत नाही म्हणजे ही सगळं खातेय. आता वाट बघण्यात अर्थ नाही, काढू.' त्यांचं चुकलं नाही काही. वहीवरून कुणीही तेच ठरवलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत. उभेच राहिले, कपाटाच्या कडेला धरून. म्हणाले, 'माझ्यामुळे झालं हे. तेव्हा ताणलं नसतं तर आज तुला कापायची वेळ आली नसती.' आणि रडले. बाबा रडतात कसे ते मला माहीत नव्हतं, खोकल्यासारखे रडतात. तेव्हापासून रोज काही ना काही करताहेत. माझी बॅग उचलतात. चहाचा कप धुतात. परवा आत्यासमोर म्हणाले, 'चूक माझी, तिला काही बोलू नका.' इतकी वर्षं मला हेच हवं होतं ना? त्यांनी कबूल करावं म्हणून किती आदळआपट केली मी. आणि केलं कबूल, तर... मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, 'जाऊ द्या आता.' म्हणजे माफ केलं. मोठ्या मनानं. कप धुऊ दिले.

काय झालं? — टाचण्या काढा आधी तोंडातून, मग बोला. — हो, घेतेय की श्वास. — नेहमीसारखाच घेतेय. — काय दिसतंय तुम्हाला? — खांदे? खांदे वर जाताहेत? पोट हलत नाही?

बरं डोळे आहेत तुमचे. अठरा वर्षं डॉक्टरांना नाही कळलं.

अहो, सवय आहे. कुणी पोटाला हात लावला की आपोआप होतं. पोट आत, खांदे वर. तुम्हाला काय करायचंय, तेहतीस आले ना? — चौतीस-साडेचौतीस येईल, सोडला तर? आणि वजा केलेला इंच? तो वजा करूनच? म्हणजे साडेचौतीस खरे. शाब्बास. तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं.

ऐका ना काकू, तुम्ही आमच्या कुणाला ओळखत नाही, म्हणूनच तर इथे आले. त्या वहीत... ऑफिस लांब पडतं ना आमच्या डेकेअरपासून. तर मी डॉक्टरांना म्हटलं होतं, एक आड एक वेळ मी ऑफिसजवळच्या रुग्णालयात घेत जाईन, रविवारी देतात तिथे. देत नाहीत हो, मी आपलं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं. का नाही म्हणणार? पंचवीस वर्षांची पेशंट, शहाणी, लहान पोरांच्या आयांना मी समजावते, वेळेवर आणा, ताणू नका. मीच! तर डेकेअरला सहा आठवड्यांनी एकदा जायचे. आणि मधलं — मधलं मी वहीत लिहायचे. तारीख, दोन पिशव्या, नंबर. नंबर सुचायला काही लागत नाही, आजोबांची जन्मतारीख उलटी लिहिली की झाला एक. पहिल्यांदा वाटलं एकदाच. मग मी सहा आठवडे काढले आणि उभी होते, चालत होते, फोन घेत होते. वाटलं, जमतंय की. — काय म्हणालात? — नाही, बाबांनी पाचच ताणले होते. मी सहा. नऊ वेळा.

आणि त्यांनी मला कमी टोचावं म्हणून ताणले. मी कशासाठी? फळ्यापुढे उभं राहायला. आता त्या फळ्यापुढे उभं राहता यावं म्हणून पोट कापायचं. मस्त आहे ना? आत्याला सांगितलं तर ती जन्मभर पुरवून पुरवून खाईल.

बघा, तिसऱ्यांदा. काय हवंय माहितीये त्यांना? ऑपरेशनसाठी माझ्या रक्ताची तयारी करताहेत. आधी कुठलं कुठलं रक्त मिळालंय ते रक्तपेढीला तपासायचंय, म्हणून त्या दुसऱ्या रुग्णालयाला फोन करायचाय, म्हणून मधल्या पिशव्यांचे नंबर नीट वाचून सांग म्हणताहेत. वहीत अक्षर लागत नाही म्हणे. मुद्दामच लागू नये असं काढलं होतं. काल मेसेज, आज सकाळी मेसेज, आणि आता हे. मी सांगूही शकते हो कुठले तरी. किंवा म्हणू शकते, ते रुग्णालय बंद झालं. रुग्णालयं बंद होतात. मग पंधरा दिवसांनी सगळं उरकेल, पोट सपाट, पॅन्ट सत्तावीस, बाबा कप धुताहेत, कुणाला काही कळणार नाही. फक्त कधी ताप आला की... आणि जी प्लीहा काढली, ती कदाचित काढायची गरजच नव्हती. कदाचित. पंजाची आली ना खाली. त्याची आजी होती पण. माझ्याकडे मी आहे, आणि माझा अनुभव काही चांगला नाही.

अजून वाजतोय?

टेप धरून ठेवा. तशीच. सोडू नका.

— हॅलो. हो सिस्टर, मीच. हो, बघितले मेसेज. — नाही, वही समोर नाहीये, लागणारही नाही. सिस्टर, ते नंबर मिळणार नाहीत कुठे. — नाही, हरवले नाहीत. पिशव्याच नव्हत्या. — घेतलंच नाही मधलं. — वर्षभर. नऊ वेळा. — हो, मी लिहिलं, माझंच अक्षर. — हो, आजारी पडल्यासारखा आवाज येतोय कारण मी आजारी आहे, सिस्टर. — नको, तुम्ही नका सांगू त्यांना, मी सांगते. बोटांचंही सांगायचंय. — बोटांचं. ते त्यांना कळेल. आहेत का खोलीत? — धरते.

संगीत लावलंय. आमच्या कंपनीतही हेच लावतात, अडकलेल्या माणसाला. — काय बघताय काकू? लिहा की. साडेचौतीस. पॅन्ट शिवायचीच आहे, राखाडीच, नाडी नाहीच. शिवणीत माया भरपूर सोडा, आत घेता येईल किंवा... बघू किती घ्यावी लागते ते. शर्ट बाहेर राहील बहुतेक. राहू दे. बारा मुली बघतील आणि विचारतील कितवा, सांगेन मग त्यांना काय ते. मॅडमना आधी. आणि बाबांना — ते फोनवर नाही. आज त्यांच्याआधी घरी पोचायला हवं, कप धुवायच्या आत. — आणि ते पेन ठेवा खाली. पेन्सिलनंच लिहा.

— हॅलो? डॉक्टर? हो. हो, मीच बोलतेय. — एक मिनिट हं डॉक्टर, आधी मला —

काकू, टेप काढा आता. श्वास घ्यायचाय.